पाच भिंतींचा धनी

साउंडराव कुणाच्याही घरी गेले की चपला काढायच्या आधी टाळी वाजवतात. एकच, कोरडी, खणखणीत. मग मान जरा तिरकी करून, डोळे अर्धवट मिटून ती टाळी घरात कुठे कुठे जाऊन आली याचा हिशेब घेतात. नवा फ्लॅट दाखवायला बोलावणाऱ्यांना वाटतं, काका खूश झाले. तसं काही नसतं. "हॉल बरा आहे. पण या दोन भिंतींचं आपसात पटत नाही," असं सांगून ते सोफ्यावर टेकतात आणि मग चहाचं विचारतात.

एकदा सांत्वनाला आम्ही बरोबर गेलो होतो. दिवाणखान्यातलं सगळं सामान आतल्या खोलीत हलवलेलं, भिंती उघड्या, फरशीवर एकुलती सतरंजी. साउंडरावांचे दोन्ही हात एकमेकांकडे निघालेले मी वेळेवर पाहिले आणि त्यांचं मनगट धरलं. त्यांनी स्वतःला आवरलं खरं. पण थोड्या वेळाने त्यांना जो खोकला आला, तो खोकला नव्हता. जिना उतरताना म्हणाले, "फार वाईट." मी म्हटलं, "हो ना, वय तरी काय होतं!" "ते आहेच," साउंडराव म्हणाले, "पण दीड सेकंद घुमतंय रे. माणसं रडली तरी कळणार नाही काय म्हणतायत."

त्यांचं खरं नाव मतदार यादीत आणि विजेच्या बिलावर आहे. तिसरीकडे कुठे ते वापरात नाही. नोकरी टेलिफोन खात्यात, तीही केबलच्या बाजूला. जमिनीखाली पुरलेल्या केबलमधला बिघाड नेमका किती मीटरवर आहे हे शोधायचं आणि तेवढंच खणायचं, यात हयात गेली. दिसत नाही ते मोजून काढायचं, ही सवय निवृत्तीनंतर कुठे ठेवायची हा प्रश्न होता. तो वहिनींनी सोडवला. त्या भजनी मंडळात गातात, आवाज चांगला आहे. त्या सहज म्हणाल्या, "दोनचार अभंग नीट रेकॉर्ड करून ठेवायला हवेत." साउंडरावांनी फंडाच्या पैशातून मायक्रोफोन आणला, मॉनिटर स्पीकर आणले, संगणकाला जोडायची ती पेटी आणली, आणि घरातल्या अडगळीच्या खोलीचं दार उघडलं. अभंग तेव्हापासून दाराबाहेर उभे आहेत.

त्या खोलीबद्दल थोडं सांगायला हवं. शनिवार पेठेतली त्यांची इमारत मुळात एका वाड्याच्या जागेवर उभी आहे. रस्तारुंदीत वाड्याचा एक कोपरा तिरका कापला गेला, आणि उरलेल्या जागेवर पुढे जी इमारत उठली, तिने तो काप तळमजल्यापासून गच्चीपर्यंत इमानाने पाळला. कापावरची सगळ्यात वरची खोली साउंडरावांच्या वाट्याला आली. तिला पाच भिंती आहेत, पैकी एकही दुसरीएवढी नाही. गच्चीवर जाणाऱ्या जिन्याचं पोट छतातून उतरत येतं, त्यामुळे दारापाशी उंची दहा फूट आणि पलीकडे गेलं की मान आपोआप लवते. एका कडेला खांब आहे. तो कशाला आधार देतो हे त्यालाही माहीत नसावं. शिवाय एक माळा आणि एक कोनाडा. इतकी वर्षं तिथे जुने पंखे, मोडकी सायकल आणि पितळेची भांडी सुखाने नांदत होती. वहिनींच्या मते खोलीचा तोच योग्य वापर होता.

साउंडराव आधी हरखले होते. वाकड्या खोल्या आवाजाला चांगल्या, असा एक समज आहे, आणि तो अर्धा खरा आहे. दोन भिंती समोरासमोर असल्या की टाळी त्यांच्यात अडकते आणि फडफडत राहते. भिंत थोडी तिरपी केली की ही फडफड मोडते. पण खालच्या स्वरांची गोष्ट वेगळी. खर्जाची एकेक लाट पाच-पाच मीटर लांब असते. तिला भिंत वीतभर तिरपी असली काय आणि सरळ असली काय, ती भीक घालत नाही. ती दोन भिंतींच्या मध्ये बसेल तिथे बसते आणि मग उठत नाही. वाकड्या खोलीतही ती बसतेच. फक्त कुठे बसली ते आधी सांगता येत नाही.

सरळ चौकोनी खोलीत हे गणित आठवीतलं पोरगं करील. ध्वनीचा वेग, आपल्या हवेत सेकंदाला सुमारे 345 मीटर. त्याला खोलीच्या लांबीच्या दुपटीने भागलं की ती खोली ज्या सुराला सगळ्यात आधी घुमते तो सूर मिळतो. मग रुंदीचा, मग उंचीचा. पण पाच भिंतींच्या खोलीत लांबी कुठली धरायची? साउंडरावांनी आधी फरशीवर खडूने रेघा मारल्या. मग भिंतीभिंतीत खिळे ठोकून सुतळ्या बांधल्या, उभ्या, आडव्या आणि तिरक्या. कामवाल्या बाई दारातून आत बघून वहिनींना म्हणाल्या, "ताई, इथला केर तुम्हीच काढा. मला मुलंबाळं आहेत."

सुतळ्यांनी काही निष्पन्न झालं नाही. तेव्हा साउंडरावांनी टेलिफोन खात्याचा मार्ग धरला. हिशेबाने सापडत नाही ते सिग्नल सोडून शोधायचं. रूम ईक्यू विझार्ड नावाचा एक फुकट मिळणारा प्रोग्राम आहे. तो स्पीकरमधून वीस हर्ट्झच्या घरघरीपासून वीस हजारांच्या शिट्टीपर्यंत एक अखंड मींड काढतो, मायक्रोफोनने ती ऐकतो आणि खोलीने तिचं काय केलं याचा आलेख मांडतो. दिवसा रिक्षा, कुकर आणि भंगारवाला यांचाही आलेख येतो, म्हणून साउंडराव हे काम रात्री दोनला करतात. पहिल्या रात्री खालच्या मजल्यावरचे लोक पाण्याची मोटर जळाली म्हणून टॉर्च घेऊन धावले होते. आता इमारतीला सवय झाली आहे. समोरच्या घरातलं तीन वर्षांचं पोर ती मींड हुबेहूब काढतं. साउंडराव त्याच्याकडे मोठ्या आशेने बघतात.

आलेखात दोन सुळके आले. एक 69 हर्ट्झवर, दुसरा त्याच्या बरोबर दुप्पट, 139च्या आसपास. साउंडराव टेप घेऊन धावले. अख्ख्या खोलीत एकमेकींना समांतर अशा दोनच भिंती आहेत, खिडकीजवळच्या, आणि त्यांच्यातलं अंतर निघालं आठ फूट दोन इंच. भागाकार केला तर तेच 69. मग त्यांनी हार्मोनियमवर सूर लावून पाहिला आणि त्यांचा चेहरा पडला. 139 म्हणजे काळी एक. पुरुष गायकांची घरोघरची पट्टी. खालचा सुळका म्हणजे त्याच पट्टीतल्या तानपुऱ्याचा खर्ज.

"खोलीला स्वतःची पट्टी आहे," त्यांनी मला रात्री फोन करून सांगितलं. "आणि ती काळी एक आहे."

यात आणखी मेख अशी की हवा तापली की ध्वनीचा वेग वाढतो, म्हणून मे महिन्यात खोलीची पट्टी जवळजवळ पाव स्वराने चढते. तानपुऱ्याच्या तारा उन्हात उतरतात, खोली वर चढते. साउंडरावांनी खोलीत थर्मामीटर लावला आहे. पाहुण्यांना वाटतं, घरात कुणीतरी आजारी आहे.

या शोधाचं उद्घाटन शेजारच्या गल्लीतल्या एका बुवांच्या हातून झालं. बुवा काळी एकमध्ये गातात. साउंडरावांनी त्यांना "फक्त चाचणी" म्हणून बोलावलं. बुवा खिडकीजवळच्या भिंतीला पाठ टेकून बसले आणि त्यांनी षड्ज लावला. भिंतीपाशी हा सूर सगळ्यात फुगतो. बुवांच्या आवाजात अचानक छाती आली, पोट आलं, वीस वर्षांपूर्वीची ताकद आली. बुवांनी डोळे उघडले. "अहो, काय खोली आहे!" ते म्हणाले. "आवाज नुसता भरून येतोय. हे असं कुठल्या सभागृहातसुद्धा लागत नाही!" साउंडराव कपाळाला हात लावून उभे. जो दोष मुळापासून काढायचा, त्यालाच दाद मिळत होती. त्यांनी बुवांना जरा पुढे सरकून बसायची विनंती केली. बुवा दोन फूट पुढे सरकले, पुन्हा षड्ज लावला आणि त्यातली हवाच गेली. उरला साठीतला एक किरकोळ आवाज. बुवा काही न बोलता परत भिंतीला टेकले. आता ते दर गुरुवारी रियाजाला तिथेच येतात आणि साउंडराव ज्या ज्या उपायाबद्दल बोलतात, त्या प्रत्येकाला विरोध करतात.

उपायांची हकिगत मोठी आहे. आवाज शोषायचा तर मऊ, सच्छिद्र, जाड काहीतरी लावायचं, इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. किती जाड, हे कुणी विचारत नाही. भिंतीपासून लाटेच्या पाव लांबीवर हवेची हालचाल सगळ्यात जास्त असते. तिथवर थर पोचला तर सूर खरा मुरतो. साउंडरावांनी खर्जाचा हिशेब केला: पाव लांबी चार फूट एक इंच. दोन्ही भिंतींना तेवढा थर लावायचा. चार फूट एक इंच आणि चार फूट एक इंच मिळून आठ फूट दोन इंच. खोली आठ फूट दोन इंच. गणित इतकं तंतोतंत जुळलं की आत माणसाला एक इंचही जागा राहिली नाही. साउंडराव त्या कागदाकडे बराच वेळ कौतुकाने बघत होते.

इमारतीतल्या प्रत्येकाने सल्ला दिलाच. पहिला सल्ला ठरलेला, अंड्यांचे ट्रे. वहिनींच्या माहेरी सोवळंओवळं कडक; त्या म्हणाल्या, "भिंतीला? आणि वर मी अभंग म्हणायचे?" साउंडरावांचा आक्षेप वेगळा होता. अंगुळभर जाडीचा पुठ्ठा वरच्या स्वरांना थोडा गुदगुल्या करतो, खर्जाला तो दिसतही नाही; शिवाय पेट घेईल ते वेगळंच. दुसरा सल्ला गाद्या लावून कुकरच्या शिट्ट्या थांबवण्याचा होता. तिथे साउंडराव चिडतात. बाहेरचा आवाज आत येऊ न देणं हे एक काम आणि आतला आवाज आत नीट वागवणं हे दुसरं. पहिल्याला वजनदार भिंती आणि बुजवलेल्या फटी लागतात, दुसऱ्याला गाद्या. गादी लावून ढोल थांबत नाही. गणपतीच्या आधी नदीपात्रात पथकांचा सराव सुरू झाला की साउंडराव मोजमाप बंद करून कानात कापूस घालून बसतात. हा कापूस मात्र चालतो.

कोपऱ्यांमध्ये सगळेच सूर साठतात, म्हणून त्यांनी घरातल्या जुन्या कापसाच्या गाद्या गुंडाळून पाची कोपऱ्यांत उभ्या केल्या. वहिनींनी त्या पिंजाऱ्याकडे पाठवायच्या म्हणून बाहेर काढल्या होत्या. याने खरंच फरक पडला, हे मी साक्षीला राहून सांगतो. बोलणं स्वच्छ झालं, गरगर कमी झाली. मग आरशाची पाळी. गाणाऱ्याने किंवा ऐकणाऱ्याने आपल्या जागी बसायचं, दुसऱ्याने आरसा भिंतीला टेकवून सरकवत न्यायचा; आरशात जिथे स्पीकर दिसेल तिथून आवाजाची पहिली उसळी कानावर येते, तिथे पॅड लावायचा. हा उपाय मला फार आवडला, कारण याला सूत्र लागत नाही. खोली चौकोनी असो की फाटक्या पतंगाच्या आकाराची, आरसा खोटं बोलत नाही. आरसा सरकवण्याचं काम माझ्याकडे होतं. जिन्याच्या पोटाखाली मी उताणा झोपून आरसा छताला लावला होता आणि साउंडराव खुर्चीतून ओरडत होते, "डावीकडे! अजून डावीकडे! दिसला, दिसला! हलू नकोस!" तेवढ्यात गॅसवाला आला. त्याने पुस्तकावर सही घेतली आणि काही विचारलं नाही. पुण्यात लोक फार विचारत नाहीत.

एवढ्यावर थांबते तर ते साउंडराव कसले. सगळा आवाज शोषला तर खोली मेल्यागत होते, काही विखुरायलाही हवा. मान्फ्रेड श्रोडर या जर्मन शास्त्रज्ञाने 1970च्या दशकात यासाठी अंकगणितातली एक गंमत वापरली होती. कमीजास्त खोल खाचा ओळीने ठेवायच्या, प्रत्येक खाच किती खोल ते ठरवायचं वर्गसंख्येला मूळ संख्येने भागून उरणाऱ्या बाकीवरून. सातासाठी या बाक्या येतात 0, 1, 4, 2, 2, 4, 1. साउंडरावांनी मागच्या भिंतीच्या फळीवर जुने दिवाळी अंक या प्रमाणात मागेपुढे लावले. दर रविवारी वहिनी आवरायला येतात आणि सगळे अंक एका रेषेत सारतात. दर सोमवारी साउंडराव पट्टी घेऊन बसतात. दोघांपैकी कुणीही याबद्दल एकमेकांशी बोललेलं नाही.

मग माठ आले. अरुंद तोंडाचं भांडं एका ठरावीक सुराला घुमतं आणि नेमका तोच सूर खोलीतून खेचून घेतं. रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियसने रंगमंदिरात काशाची भांडी ठेवण्याबद्दल लिहून ठेवलंय, मध्ययुगातल्या चर्चच्या भिंतींतही मडकी बसवलेली सापडतात. साउंडराव कुंभारवाड्यात गेले आणि प्रत्येक माठाच्या तोंडावर फुंकर मारत फिरले. कुंभाराने विचारलं, "साहेब, पाणी थंड राहतं का नाही ते बघायचं का?" "काळी एक बघतोय," साउंडराव म्हणाले. नेमका सूर एकाचाही नव्हता. तेव्हा घरी आणून त्यांत थोडं थोडं पाणी ओतलं. पाण्याने आतली हवा कमी झाली की सूर चढतो. सात माठ काळी एकमध्ये लागले. वहिनी त्यातलं पाणी पितात, मग सूर उतरतो, मग साउंडराव लोटीने पाणी घालतात.

त्यांचं दैवत मात्र एकच: वॉलेस सॅबिन. 1895 साली हार्वर्डमधलं एक नवं व्याख्यानगृह इतकं घुमत होतं की शब्द शब्दावर चढे. ते सुधारायचं काम या तरुण प्राध्यापकावर आलं. त्याने रात्री-अपरात्री जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या बैठकींच्या उशा उचलून आणायच्या, ऑर्गनची एक नळी वाजवायची, घड्याळ लावून आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचं आणि सकाळच्या आत उशा परत नेऊन ठेवायच्या. यातून त्याने जे सूत्र काढलं, त्याने सभागृहं बांधायची पद्धतच बदलली. बोस्टनचा 1900 साली उघडलेला सिम्फनी हॉल त्याच्याच सल्ल्याने झाला.

ही कथा सांगून झाल्यावर साउंडराव गप्प झाले तेव्हाच मला शंका यायला हवी होती असं वहिनी म्हणतात. इमारतीच्या तळमजल्यावर गणपती मंडळाच्या गाद्या आणि लोड ठेवलेले असतात. पहाटे तीनला चौथा लोड खांद्यावर घेऊन परत निघालेले साउंडराव मंडळाच्या एका कार्यकर्त्याला जिन्यात सापडले. "काका, हे काय?" "मोजून झालं. परत ठेवतोय." "काय मोजलं?" "लोड." कार्यकर्त्याने बराच विचार केला आणि म्हणाला, "वर्गणीच्या पावतीवर आहेत सगळे. मोजायची गरज नव्हती." गंमत अशी की सॅबिनचं सूत्र मोठ्या सभागृहासाठी. साउंडरावांच्या खोलीएवढ्या जागेत साधारण दोनशे-सव्वादोनशे हर्ट्झच्या खाली ते चालतच नाही. तिथे एकेका सुराला वेगळा न्याय. हे साउंडरावांना पक्कं ठाऊक आहे. पण उशा उचलल्याशिवाय त्यांना चैन पडलं नसतं.

मधल्या काळात वहिनींचा एक अभंग भजनी मंडळाच्या ग्रुपवर फिरला. फोनवर रेकॉर्ड केलेला. लोकांनी खूप वाखाणला. एक जण तर म्हणाला, स्टुडिओत केलाय वाटतं. साउंडरावांनी तो हेडफोन लावून तीनदा ऐकला.

"हे कुठे केलंस?"

"आतल्या खोलीत. पलंगावर बसून."

"कपाटाचं दार उघडं होतं?"

"हो. साड्या लावत होते."

"तरीच," साउंडराव म्हणाले, आणि टेप घेऊन कपाट मोजायला गेले.

आता इमारतीचा पुनर्विकास निघाला आहे. गच्चीवर सभा झाली. सगळ्यांचे प्रश्न ठरलेले: कार्पेट किती, भाडं किती, पार्किंग कुणाला. बिल्डरचा माणूस नकाशे घेऊन आला होता. साउंडरावांकडे वळून तो आदराने म्हणाला, "काका, तुमचा तो वाकडा कोपरा आम्ही पूर्ण काढलाय. तुम्हाला खास खोली. दहा बाय दहा, उंचीसुद्धा दहा. एकदम चौकोनी."

साउंडराव उठून उभे राहिले. लांबी, रुंदी, उंची सारखी म्हणजे तिन्हींचा सूर एकच, 56-57 हर्ट्झ. तीन घुमणी एकावर एक. यापेक्षा वाईट खोली शोधून सापडणार नाही. "ही खोली नाही," ते म्हणाले, "हा ढोल आहे. मी सही करणार नाही."

सभेत कुजबूज झाली. मागून कुणीतरी म्हणालं, इतकी वर्षं वाकडी म्हणून रडत होते. बुवा एका कोपऱ्यात बसून मान डोलावत होते. त्यांना जुनीच खोली हवी होती. वहिनी शांतपणे शेंगदाणे सोलत होत्या. बिल्डरचा माणूस समजूतदार निघाला. तो म्हणाला, "काका, एक भिंत तिरपी करून देतो, दोन फूट लांबवूनही देतो. वास्तुवाल्यांना मी बघतो. फक्त किती तिरपी, तेवढं आत्ता सांगा, म्हणजे नकाशात घेतो."

"आत्ता कसं सांगणार?" साउंडराव म्हणाले. "आधी बांधा. मग मोजून सांगतो."